वाळूवरच्या जहाजातला गद्दार

दिग्रसला बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुपारी जेवणानंतर गिऱ्हाईक ओसरतं. त्या वेळात आजूबाजूच्या बाया मालिका बघतात आणि मी मोबाइलवर मांगा वाचते. हे ऐकलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "ते लहान पोट्ट्यायचं असते ना?" ज्यांना सासूने सुनेच्या दुधात कालवलेलं तेच विष वर्षानुवर्षं चालतं, त्यांना जपानी चित्रकथा कोणासाठी असतात हे समजावत बसायला माझ्याकडे वेळ नाही.

मी जी मांगा वाचते तिच्यातल्या जगात समुद्र आटून गेला आहे. खाली नुसती वाळू. त्या वाळूवर चाकांचं एक जुनं जहाज घेऊन एक टोळी उरलेलं पाणी शोधत फिरते. कोणीतरी हौशी माणूस दर आठवड्याला नवा भाग हिंदीत उतरवून इंटरनेटवर टाकतो. टोळीत सगळ्यांत शेवटी आला तो स्वयंपाकी. तो तोंडाला फडकं बांधून असतो आणि आपलं गाव कुठलं ते सांगत नाही. बस्स, एवढ्यावरून जगभरच्या रिकाम्या डोक्यांनी ठरवून टाकलं होतं की टोळीत एक गद्दार लपलाय आणि तो हाच.

आमच्या गावातलं असं डोकं म्हणजे आमचा कप्तान. पुढे आमचीही टोळी जमली, तिचा तो स्वतःला कप्तान म्हणवायचा. त्याच्या बापाचं कृषी केंद्र आहे, बियाणं आणि फवारणीचं औषध विकायचं दुकान. आईचे ब्लाउज न्यायला तो एकदा माझ्याकडे आला आणि माझ्या मोबाइलवर त्याला ते जहाज दिसलं.

"ताई, तुमी बी वाचता?"

त्याच्या तोंडावरचा आनंद खरा होता, ते नाकारत नाही. गावात आपल्यासारखं आणखी कोणी आहे हे कळल्यावर मलाही बरं वाटलं होतं. मग त्याने त्याच्या आतेभावाला आणलं. तो कप्तान जे बोलेल त्याचा शेवटचा शब्द परत म्हणायचा, याखेरीज त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नंतर एक लाइटवाला आला. लग्नाच्या मांडवात रोषणाई करायचा, स्वभावाने भला, पण कोणाच्या विरुद्ध तोंड उघडायचं म्हटलं की त्याला एकदम फोन यायचा. आणि सगळ्यांत शेवटी पेंटर आला. तो फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचा, वाढदिवसाचे बॅनर, श्रद्धांजलीचे बॅनर. राहायला पुसद रस्त्यावरच्या तांड्यावर, बंजारा घरातला. हाताने चित्रं काढायचा ती मात्र पाहत राहावी अशी.

पेंटर कोणाला आवडायचा नाही, हेही सांगून टाकते. मलाही फारसा आवडायचा नाही. सदा तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, यायला उशीर, आल्याबरोबर कोणाची तरी टिंगल. माझ्या अस्तराच्या कापडाला ब्रश पुसायचा आणि वर म्हणायचा, "ताई, आता याले डिझाइन आलं." अशा माणसावर संशय घ्यायला लोकांना कष्ट पडत नाहीत.

कप्तानाचं यूट्यूबवर एक चॅनल होतं. मोबाइल समोर धरून तो मांगावर बोलायचा. दर व्हिडिओत गद्दार. स्वयंपाक्याची सावली अमक्या पानावर का दिसत नाही, तमक्या पानावर तो डाव्या हाताने का ढवळतो, याच्यावर तो लाल गोल काढायचा. बघणारे मोजके, पण बोलण्याचा थाट असा की जपानातला तो चित्रकार घाबरून कागद लपवत असेल.

माझ्या दुकानात यावरून एकदा चांगलीच जुंपली. मी म्हटलं, "अरे, वाळवंटात पाणी संपलं तेव्हा स्वयंपाक्यानं आपल्या वाटणीचं पाणी सुकाणूवाल्या म्हाताऱ्याले देल्लं. आणि मी पेलो म्हणून खोटं सांगतलं. ज्याले टोळी विकायची आहे थो सोताचं पाणी कायले सोडंल?"

"तेच तर ना, ताई!" कप्तान टाळी वाजवून म्हणाला. "भरोसा बसवून राह्यला थो."

"बसवून राह्यला," आतेभाऊ म्हणाला.

"आन पाणी देल्लं नसतं तर?"

"तर मंग उघडच होतं ना. दुश्मन!"

पेंटर कोपऱ्यात बसून खर्रा घोटत होता. तो म्हणाला, "म्हंजे त्यानं पाणी देल्लं तरी गद्दार, नाही देल्लं तरी गद्दार. लय मस्त कोर्ट आहे बे तुहं."

मी हसले. कप्तानाला ते लागलं. ज्या तर्कात माणसाचा चांगुलपणाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो, त्या तर्काशी वाद घालता येत नाही, कारण त्याला तळच नसतो. मला विचाराल तर त्या मांगातली टोळी इतकी वर्षं एका भांड्यातून जेवली आहे की तिच्यात गद्दार निघालाच, तर वाचकांच्या तोंडावर थुंकल्याबद्दल मी चित्रकाराला जबाबदार धरीन. पण खरं म्हणजे त्या प्रश्नापेक्षा तो विचारणाऱ्यांचीच मला जास्त किळस यायची. आपल्याला कोणी फसवावं एवढं महत्त्वाचं आपल्याजवळ काहीतरी आहे, असं वाटून घ्यायची ती हौस होती.

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या गणपती मंडळाने देखाव्याचं काम आमच्याकडे दिलं. दरवर्षी तोच किल्ला आणि तोच धबधबा करून अध्यक्ष कंटाळले होते. कप्तानाने त्यांना मोबाइलवर ते जहाज दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "पाणी वाचवा असा संदेश तर निघते ना याच्यातून?" निघतो म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात पत्र्याचं गोदाम होतं, त्याची किल्ली मिळाली.

ते दिवस मात्र झकास होते. बांबूचा सांगाडा, वर पुठ्ठा, खाली जुन्या बैलगाडीची चाकं. लाइटवाल्याने चाकांना मोटर लावली, म्हणजे जहाज जागच्या जागी चालतंय असं वाटावं. शिडं मी शिवली, कापसाच्या गाठींच्या बारदानाची. त्या जाड कापडाने माझ्या मशीनच्या सुया मोडल्या, बोटं सोलली, पण शीड वर चढवलं तेव्हा आम्ही सगळे खालून बघत राहिलो. डाव्या बाजूला एक मोठं ठिगळ होतं, मांगात असतं तसंच. पेंटर प्लायवुडवर टोळीतली माणसं रंगवत होता. यायचा उशिरा, पण आला की जेवणाचं भान नसायचं. सुकाणूवाल्या म्हाताऱ्याच्या डोळ्याखालच्या सुरकुत्या त्याने इतक्या मायेने काढल्या की त्याची टिंगल करायची सवय मी त्याला माफ करून टाकली.

कप्तान काय करत होता? सूचना. आणि शपथा. देखावा उघडेपर्यंत बाहेर कोणाला काही सांगायचं नाही, म्हणून त्याने आम्हाला बैलगाडीच्या चाकावर हात ठेवायला लावला. मोठी माणसं आम्ही, तरी ठेवला. पेंटरने हात ठेवता ठेवता खर्ऱ्याची पिचकारी मारली आणि म्हणाला, "झाली शपथ. आता कामाले लागू का?"

गणपती तोंडावर आले आणि एका दुपारी लाइटवाला माझ्या दुकानात धापा टाकत आला.

"ताई, पलीकडल्या मंडळानं जहाज उभं केलं. चाकाचं. बारदानाचं शीड."

मी मशीन बंद केलं आणि त्याच्या गाडीवर मागे बसून गेले. खरंच होतं. पलीकडच्या गल्लीत मांडवाचा पडदा अर्धा लावलेला, आत वाळू टाकलेली, तिच्यावर आमचंच जहाज. आमच्यापेक्षा बेढब, पण आमचंच. ठिगळसुद्धा होतं, फक्त ते उजवीकडे होतं.

संध्याकाळी गोदामात बैठक बसली. कप्तानाचा चेहरा पाहून मला वाटलं याला वाईट वाटलं असेल. पण नाही. त्याच्या डोळ्यांत चमक होती. जी गोष्ट तो इतके दिवस पानापानांत शोधत होता ती शेवटी त्याच्या हाती लागली होती. घरचा गद्दार.

"आपल्यातूनच कोणीतरी सांगतलं," तो म्हणाला. "आता इचार करा. सगळ्यात शेवटी कोण आलं? पलीकडल्या मंडळाचे बॅनर कोणाच्या दुकानात छापते?"

सगळ्यांनी पेंटरकडे पाहिलं. तो म्हाताऱ्याच्या दाढीत पांढरा रंग भरत होता. त्याचा हात थांबला नाही.

"ते तुह्या बापाच्या दुकानाचे बॅनर बी मीच छापतो," तो म्हणाला. "त्यायचं औषध बी मीच बाहेर विकून राह्यलो का?"

"हासू नको. सगळ्यात जास्त मन लावून तूच काहून काम करून राह्यला होता? आमाले शक येऊ नये म्हणून ना?"

"येऊ नये म्हणून," आतेभाऊ म्हणाला.

मला हसू येत होतं आणि रागही. तेच कोर्ट. पाणी दिलं तरी गद्दार. मी म्हटलं, "पुरावा काय तुह्याजवळ? कोणी पाह्यलं त्याले सांगताना?"

"पुरावा कायले पाह्यजे, ताई? दिसूनच राह्यलं ना. आन तांड्यावरच्या लोकायचं तुमाले काय सांगू? त्यायच्यावर कोणी भरोसा ठेवते का?"

एवढा वेळ सावल्या आणि डावे हात मोजणाऱ्या माणसाच्या पोटात एवढंच होतं, आणि ते आता बाहेर पडलं होतं. मी लाइटवाल्याकडे पाहिलं. त्याला नेमका फोन आला. तो "हॅलो, हॅलो" करत बाहेर गेला. फोन वाजलेला मी तरी ऐकला नव्हता.

"परत बोल," मी कप्तानाला म्हटलं. "काय म्हटलं ते पुन्हा बोल माह्यासमोर."

"ताई, तुमी मधात पडू नका."

"मी मधातच आहे. शीड मी शिवलं. तू काय केलं ते सांग. थो म्हातारा त्यानं रंगवला, चाकं लाइटवाल्यानं फिरवली. तू नुसता हात ठेवाले लावला."

पेंटरने तोवर ब्रश धुतले, एकेक पुसून पिशवीत टाकले. जाताना तो त्यांच्या गोरबोलीत काहीतरी बोलला. शब्द मला कळले नाहीत, सूर कळला. ज्या माणसाला शिवी द्यायचेही कष्ट घेऊ नयेत, त्याच्याशी बोलायचा तो सूर होता. मी माझी कात्री उचलली आणि त्याच्या मागोमाग बाहेर पडले. शिडं तिथेच राहिली. ती उतरवून नेणं काही माझ्याने झालं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली एक बाई फॉल-पिको केलेली साडी न्यायला आली. तिचा मुलगा त्या मंडळात होता. मी सहज विचारल्यासारखं केलं, "तुमच्यावाल्यायनं यंदा जहाज केलं म्हणते. कुठून सुचलं?"

"अवं, त्या कृषी केंद्रवाल्याच्या पोट्ट्याचा व्हिडिओ नाही का? त्यात मागं उभं होतं. आमच्या पोट्ट्यायनं थांबवू थांबवू पाह्यलं आन तसंच केलं. मी म्हटलं कायले दुसऱ्याचं करता, तर म्हणे त्यानंच तर दाखवलं."

ती गेल्यावर मी त्याचं चॅनल उघडलं. ताज्या व्हिडिओचं नाव होतं, टोळीतला गद्दार सापडला. कप्तान गोदामात उभा राहून बोलत होता. स्वयंपाक्याच्या विश्वासघातावर बोलत होता. आणि त्याच्या डोक्यामागे, स्वच्छ उजेडात, अर्धं बांधून झालेलं आमचं जहाज उभं होतं. शीड, चाकं, मोटर, सगळं. पुढच्या कॅमेऱ्याने घेतल्यामुळे चित्र उलटं आलं होतं, म्हणून ठिगळ उजवीकडे. त्या बिचाऱ्यांनी तेही जसंच्या तसं उतरवलं.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कृषी केंद्रात गेले. आत शेतकरी उभे होते, तुरीवरच्या अळीचं औषध मागत होते. कप्तान गल्ल्यावर होता. मी मोबाइल त्याच्यासमोर ठेवला आणि व्हिडिओ लावला.

"गद्दार सापडला ना?" मी म्हटलं. "पाहून घे. मागं पाहू नको, मागं जहाज आहे. समोर कोण उभं आहे ते पाह्य."

त्याने पाहिलं. रंग उतरला, पण क्षणभरच. पुढे तो जे बोलला त्यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

"ताई, ते मी मुद्दाम ठेवलं होतं. कोण काय करते ते पाह्याले."

"कोणी केलं मंग?"

"म्हंजे... ते अजून पाहून राह्यलो."

काउंटरवरचा एक म्हातारा शेतकरी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. तो म्हणाला, "बाप्पा, तुमचं झालं असंल तर मले औषध द्या." मला तेव्हा त्या कप्तानाची कीवसुद्धा आली नाही. खोटं बोलणाऱ्याला निदान डोकं तरी लागतं. याने ते कष्टही घेतले नव्हते. चुकलो म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्याकडे नव्हतं. मी म्हटलं, "त्याच्या घरी जाऊन माफी माग," आणि निघून आले. तो गेला नाही हे सांगायला नकोच.

गेले मी. तांड्यावर नाही, फ्लेक्सच्या दुकानात. पेंटर कोणाच्या तरी बारशाच्या बॅनरमधल्या बाळाचे गाल गोरे करत बसला होता. मी त्याला व्हिडिओचं सांगितलं. तो स्क्रीनवरून डोळे न काढता म्हणाला, "मले माहीत होतं."

"केव्हापासून?"

"टाकला त्याच दिवशी पाह्यला मी. आपल्यातून त्याचे व्हिडिओ पाहणारा मी एकटाच तर होतो, ताई. लय हासू येते."

"आन त्या दिवशी गोदामात बोलला काहून नाही? एका शब्दात त्याचं तोंड बंद झालं असतं."

आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "काहून सांगू? मी गद्दार नाही हे मी सिद्ध करू? ज्यायले माहा चेहरा पाहून भरोसा वाटत नसंल, त्यायले व्हिडिओ दाखवून वाटावं? मंग त्या दिवशीपुरतं वाटलं असतं. पुढच्या वेळेस पुन्हा दाखवा." तो पुन्हा बाळाकडे वळला. "तुमी आल्या, बरं केलं. पण तुमी बी विचारून राह्यल्या, काहून नाही बोलला म्हणून."

मला राग आला. मी त्याच्यासाठी भांडले होते. मग राग ओसरला, कारण तो म्हणत होता ते बरोबर होतं. जे विचारायचं ते कप्तानाला विचारायचं होतं, आणि ते मी विचारलंच होतं. याला काहीच विचारायचं नव्हतं. मी म्हटलं, "चहा पिऊ." तो म्हणाला, "खर्रा खाऊन राह्यलो, थांबा," आणि थुंकायला बाहेर गेला.

आमचा देखावा उघडला. स्वयंपाक्याचा चेहरा रंगवायचा राहिला होता, तो कप्तानाच्या आतेभावाने रंगवला. तोंडावरचं फडकं त्याला जमलं नाही म्हणून त्याने दाढी काढली. गावात दोन गल्ल्यांत दोन जहाजं, आणि एकालाही कोणी ओळखलं नाही. लोकांना वाटलं रामायणातलं काहीतरी आहे. अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं, "पाणी वाचवा." मोटर पहिल्याच संध्याकाळी जळाली. लाइटवाला मला भेटायला दुकानात आला, दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मले बोलाले पाह्यजे होतं." मी म्हटलं, "हो." त्याला वाटलं असेल मी त्याची समजूत घालीन. भल्या माणसांची ही सवय मला सगळ्यांत जास्त खटकते. वेळ गेल्यावर येऊन ते तुमच्यासमोर स्वतःचं दुःख मांडतात आणि तुम्हीच त्यांना पाणी द्यावं अशी अपेक्षा करतात.

कप्तानाने तो व्हिडिओ काढून टाकला. त्याच्या जागी नवा टाकला. एखादा माणूस आपल्या नकळत गद्दार असू शकतो का, असा त्याचा विषय होता. त्यातही तो स्वयंपाक्याबद्दलच बोलला. स्वतःचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. एवढी सोय देवाने फार थोड्यांना दिलेली असते.

पेंटर आता यवतमाळला असतो, मोठ्या फ्लेक्सवाल्याकडे. नवा भाग आला की कधी त्याचा फोन येतो, कधी माझा. तो शिव्या घालत चित्रांबद्दल बोलतो, हा हात चुकला, ही वाळू मस्त. गोदामातल्या त्या संध्याकाळचा विषय आम्ही काढत नाही. मांगा अजून चालू आहे आणि स्वयंपाकी अजून स्वयंपाक करतो आहे.

कप्तानाचं लग्न झालं. मागच्या महिन्यात त्याची बायको माझ्याकडे ब्लाउज टाकायला आली. उमरखेडकडची आहे, बोलायला गोड. माप देता देता म्हणाली, "हे सांगत होते, तुम्ही त्यांच्या टोळीत होता म्हणून. मग काहून सोडली?"

मी टेप तिच्या खांद्यावर धरली होती. त्या पोरीचा काय दोष? "कामं वाढली," मी म्हटलं. "हात वर करा. गळा किती खोल पाह्यजे?"